आ वासून पडलेली मगर

जानेवारीतील सकाळ होती. नववीच्या मुलांना घेऊन मी कृष्णेच्या पुलावर उभा होतो. पक्षी पाहावेत, त्यांच्या नोंदी कराव्यात, एवढाच सहलीचा हेतू होता. पण थोड्याच वेळात दुर्बीण बगळ्यांवरून सरकून पलीकडच्या काठावर स्थिरावली. तेथे वाळूवर एक मगर पडली होती. अंग सैल सोडलेले, जबडा पूर्ण उघडा. दहा मिनिटे झाली, वीस मिनिटे झाली, ती हलली नाही.

"सर, मेली असंल ती," एक मुलगा म्हणाला.

"छट्! झोपलीय," दुसरा म्हणाला.

"मग तोंड कशाला उघडं ठेवलंय?"

या प्रश्नावर पुष्कळ उत्तरे आली. दातांत अडकलेले मांस काढायला पक्षी यावा म्हणून, माशा तोंडात शिरल्या की गिळायच्या म्हणून, आपल्याला घाबरवायचे म्हणून. या गलबल्यात एक मुलगी मात्र गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "सर, तिथनं थोडं खाली आमची मोटार हाय. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला की बाबा पाण्यात उतरतात."

एक प्रश्न कुतूहलाचा होता, दुसरा काळजीचा. त्या दिवशी मला दोन्हींची धड उत्तरे देता आली नाहीत. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की हे दोन प्रश्न फार लांबचे नाहीत. मगरीचे बहुतेक सगळे जगणे एका हिशोबावर चालते, आणि तो हिशोब आहे उष्णतेचा. तो नीट समजला तर तिचे तोंड का उघडे आहे हेही कळते आणि पाण्यात कधी, कोठे उतरू नये हेही.

मगर कोणती?

भारतात या कुळातील तीन प्राणी आढळतात. नदीमुखाजवळ आणि खारफुटीत राहणारी खाऱ्या पाण्यातील मगर, लांब निमुळत्या तोंडाचा आणि प्रामुख्याने मासे खाणारा घडियाल, आणि नद्या, तळी, धरणांचे जलाशय येथे राहणारी आपली नेहमीची मगर. तिचे शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस. पॅलस्ट्रिस म्हणजे दलदलीतली. 'मगर' आणि 'सुसर' हे शब्द आपल्याकडे अनेक गावांत अदलाबदलीने वापरतात, त्यामुळे मुलांशी बोलताना आपण कोणत्या प्राण्याविषयी बोलत आहोत हे आधी स्पष्ट केलेले बरे. या लेखात मगर म्हणजे क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस.

कृष्णा, वाशिष्ठी, सावित्री या नद्यांत ती आहे. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात, भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यातही ती राहते. पूर्ण वाढलेली मगर साधारण तीन ते चार मीटर लांब असते. क्वचित पाच मीटरपर्यंत जाते.

'थंड रक्त' म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो, की मगर शीतरक्ती आहे. या शब्दाने एक गैरसमज होतो. उन्हात तासभर पडलेल्या मगरीचे रक्त थंड नसते. ते तीस अंश सेल्सिअसच्या पुढे असू शकते. फरक आहे तो उष्णता कोठून येते यात. आपले शरीर अन्न जाळून स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करते. बाहेर दहा अंश असोत की चाळीस, आत सुमारे ३७ अंश कायम. मगर ही उष्णता बाहेरून, म्हणजे ऊन, वाळू आणि पाणी यांच्याकडून घेते. म्हणून 'शीतरक्ती' म्हणण्यापेक्षा 'बाह्य उष्णतेवर जगणारी' म्हणणे अधिक बरोबर.

यात तिचा फायदा मोठा आहे. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यातच खर्च होतो. मगरीचा तो खर्च वाचतो. विश्रांतीच्या अवस्थेत तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या ढोबळमानाने एक दशांशाच्या आसपास ऊर्जेत मगरीचे भागते. मुलांना हे गणित घालता येईल. एखाद्या सस्तन प्राण्याला दहा दिवस पुरणारे अन्न तेवढ्याच वजनाच्या मगरीला किती दिवस पुरेल? उत्तर शंभर दिवसांच्या घरात जाते. मोठी मगर काही महिने न खाता राहू शकते यात नवल ते इतकेच.

पण या काटकसरीची एक अट आहे. शरीर पुरेसे गरम नसेल तर पचन चालत नाही. पोटातील विकरे ठरावीक तापमानातच नीट काम करतात. म्हणून मगर साधारण तीस ते तेहेतीस अंशांच्या आसपास शरीर ठेवू पाहते. थंडीच्या दिवसांत ती खाणे कमी करते आणि उन्हात जास्त वेळ काढते. आपण जिला 'आळसाने पडलेली' म्हणतो, ती मगर त्या वेळी कामात असते: सकाळच्या उन्हात स्वतःला तापवून घेण्याच्या.

तापणे आणि निवणे

मगरीच्या पाठीवरचे ओबडधोबड कंगोरे आपण पाहतो. त्या कातडीच्या खाली हाडांच्या चकत्या असतात आणि त्या चकत्यांभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ऊन पाठीवर पडले की येथले रक्त तापते आणि ती उष्णता आत वाहून नेते.

मगर थंड अंगाने उन्हात आली, की तिच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि कातडीकडे जाणारे रक्त वाढते. ती निवू लागली, की ठोके मंदावतात आणि कातडीकडचा पुरवठा आखडता घेतला जातो. म्हणजे शरीराचे तापमान तेच असले, तरी तापताना ठोके जास्त पडतात आणि निवताना कमी. परिणाम असा, की ती लवकर तापते आणि सावकाश निवते. उष्णता 'कमवायची' झटपट आणि 'खर्चायची' जपून.

पाणी हा तिचा दुसरा आधार. पाणी हवेपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. थंडीच्या रात्री हवा गारठते, पण डोहातील पाणी त्या मानाने उबदार राहते. म्हणून मगर रात्री पाण्यात आणि सकाळी काठावर दिसते. उन्हाळ्यात हिशोब उलटतो. भर दुपारी ती पाण्यात किंवा काठाच्या दरडीत स्वतः खोदलेल्या बिळात असते. ही बिळे काही मीटर लांब असतात. बाहेरचे ऊन किंवा थंडी त्यांच्यात फारशी पोचत नाही. तळे आटले तरी मगर अशा बिळात तग धरते, किंवा रात्री जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते.

आता मुलांचा पहिला प्रश्न. तोंड का उघडे? माणसासारखा घाम मगरीला येत नाही. तोंडाच्या आतली कातडी मात्र पातळ आणि ओली असते. जबडा उघडा ठेवला, की तेथील ओलावा बाष्प होऊन जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, जसे माठातले पाणी गार होते तसेच. शरीराचा मोठा भाग अजून तापतो आहे, पण डोके, आणि त्यातला मेंदू, आकाराने लहान असल्याने लवकर तापतो. उघडे तोंड डोके जास्त तापू देत नाही. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो त्यामागचे तत्त्व हेच. मगरीची जीभ मात्र खालच्या जबड्याला पडद्याने जखडलेली असते; ती बाहेर काढता येत नाही. म्हणून पूर्ण जबडाच उघडावा लागतो.

येथे एक पुस्ती जोडायला हवी. मगरी रात्रीही, आणि पाऊस पडत असतानाही, तोंड उघडे ठेवून पडलेल्या पाहिल्या गेल्या आहेत. त्या वेळी डोके निववण्याची गरज नसते. म्हणजे हे एकच कारण पुरेसे नाही; शेजारच्या मगरींना काही सांगणे हाही त्यात भाग असावा असे काही अभ्यासक मानतात. दात कोरणाऱ्या पक्ष्याची कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आणि ती आजही आपल्या मुलांच्या तोंडी आहे. अशा मैत्रीचा भक्कम पुरावा मात्र कोणाला मिळालेला नाही.

वर्गात करून पाहा: तांब्या आणि घागर

एक तांब्या आणि एक घागर घ्या. शक्य तर दोन्ही एकाच धातूची असावीत. दोन्हींत सारखेच गरम, साधारण ५० अंशांचे पाणी भरा. दर पाच मिनिटांनी तापमापीने नोंद घ्या आणि आलेख काढा. तांब्या झपाट्याने निवतो, घागर रेंगाळते.

कारण सोपे आहे. उष्णता पृष्ठभागातून जाते आणि आकारमानात साठते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि आकारमान १ घन सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि आकारमान १०००. पहिल्यात दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, दुसऱ्यात फक्त ०.६. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले मगरीचे पिल्लू फूटभरही नसते. ते तांब्यासारखे आहे, ऊन-सावलीत चटकन तापते आणि निवते. साडेतीन मीटरची मगर ही घागर. सकाळी कमावलेली ऊब ती संध्याकाळपर्यंत, कधी रात्रभर पुरवते. म्हणूनच सूर्य मावळल्यानंतर मोठी मगर सुस्त झाली असेल असे समजण्यात धोका आहे.

कमी खर्च, कमी दम

काटकसरीची किंमत कोठेतरी द्यावी लागतेच. मगर ती दमात देते.

आपले स्नायू सतत प्राणवायू घेऊन बराच वेळ काम करू शकतात. मगरीची ही क्षमता मर्यादित आहे. झेप घेताना तिचे स्नायू प्राणवायूशिवाय चालणाऱ्या मार्गाने ऊर्जा मिळवतात. त्यातून काही क्षण प्रचंड जोर मिळतो, पण रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जाते आणि ते निपटायला तिला पुढे कित्येक तास लागतात. मोठ्या मगरीला पकडताना फार वेळ झुंजायला लावले, तर सुटल्यावरही या आम्लामुळे ती दगावू शकते. मगरी पकडणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना म्हणून काम लवकर आणि शांतपणे उरकावे लागते.

तिच्या शिकारीची पद्धत यातून आपोआप ठरते. पाठलाग परवडत नाही, म्हणून दबा. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत आहेत. तेवढा भाग पाण्याबाहेर ठेवून बाकीचे शरीर लपवता येते. घशाशी एक झडप आहे. ती बंद केली, की पाण्याखाली जबडा उघडला तरी पाणी श्वासनलिकेत जात नाही. जबड्याच्या कडेने बारीक काळे ठिपके दिसतात. हे ठिपके स्पर्शाची इंद्रिये आहेत आणि पाण्यातील अगदी लहान तरंगही त्यांना कळतात. मगरीच्या कुळातील अमेरिकन अलिगेटर या प्राण्यावर केलेले प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण अंधारात पाण्याचा एक थेंब पडला तरी अलिगेटर त्या दिशेला वळत होते. हे ठिपके झाकले की वळत नव्हते. कपडे धुताना होणारी पाण्याची आपट किंवा म्हैस डुंबताना उठणाऱ्या लाटा मगरीपर्यंत अशा पोचतात.

ती श्वास रोखून सहज काही मिनिटे, गरज पडली तर तासभरही पाण्याखाली राहू शकते. त्या वेळी हृदयाचे ठोके अगदी मंद होतात. शरीर जितके थंड, तितका प्राणवायूचा खर्च कमी आणि बुडी तितकी लांब. उष्णतेचा हिशोब येथेही सुटत नाही.

पण झेप? ती पाण्यातून काठापर्यंत, फार तर आणखी थोडी. कोरड्या जमिनीवर लांबवर माणसाचा पाठलाग करणे तिच्या शरीराला झेपणारे नाही. हे वाक्य मुलांना दोनदा सांगावे, कारण त्याचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे: धोका असतो तो पाण्याच्या कडेला, आणि तेथे तो क्षणार्धाचा असतो.

पक्ष्यांची नातलग

आता थोडे कोड्यात टाकणारे. पाल, सरडा, साप यांच्या हृदयात तीन कप्पे असतात असे आपण शिकवतो. मगरीच्या हृदयात मात्र चार कप्पे आहेत, पक्ष्यांसारखे आणि आपल्यासारखे. तिच्या फुप्फुसांतील वायुमार्गांत हवा आत येताना आणि बाहेर जाताना एकाच दिशेने वाहते, हे अलिगेटरवरील संशोधनातून २०१० मध्ये दिसून आले. अशी व्यवस्था त्याआधी पक्ष्यांत माहीत होती. मगरीचे अंडेही पक्ष्यांसारखे टणक कवचाचे.

यात नवल नाही. मगरींची आणि पक्ष्यांची वंशरेषा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून वेगळी झाली. पक्षी ज्या शाखेतून आले त्याच शाखेवर डायनोसॉर होते. म्हणजे मगरीचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातलग पाल किंवा घोरपड नव्हेत; पुलावरून आम्ही ज्यांच्या नोंदी करायला गेलो होतो ते बगळे आहेत.

चार कप्पे असूनही मगरीने एक सोय ठेवली आहे. तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन महाधमन्यांना जोडणारे एक लहान छिद्र आहे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी १८३३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पानिझ्झाचे छिद्र म्हणतात. या रचनेमुळे मगरीला गरजेनुसार काही रक्त फुप्फुसांकडे न पाठवता पुन्हा शरीरात फिरवता येते. आपल्या हृदयात शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळले तर तो आजार. मगरीच्या हृदयात ती गरजेप्रमाणे वापरायची सोय आहे.

अंड्यात नर की मादी?

उष्णतेच्या हिशोबाचा सर्वांत विलक्षण भाग वाळूखाली घडतो.

मगरींचे मीलन थंडीत होते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठाच्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर, रात्री खड्डा करते. त्यात साधारण पंचवीस ते तीस अंडी घालते आणि वरून माती किंवा वाळू लोटून दाबते. ती अंडी उबवत नाही. ते काम जमीन करते. साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे पाऊस तोंडावर आला असताना, पिल्ले बाहेर येतात.

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांवरून ठरते. मगरीत अशी लिंग-गुणसूत्रे नाहीत. अंडे घातले जाते तेव्हा आतला गर्भ नर नसतो आणि मादीही नसतो. उबवणीच्या मधल्या टप्प्यात घरट्याचे तापमान किती आहे, यावर ते ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांतील या प्रकाराची पहिली नोंद १९६६ मध्ये मादलेन शार्निये यांनी आफ्रिकेतील एका सरड्यावरून केली. १९८२ मध्ये अलिगेटरबाबत हे स्पष्ट झाले. आपल्या मगरीवरील काम मद्रासजवळच्या क्रोकोडाइल बँकेत झाले आणि ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे निष्कर्ष असे: २८ ते ३१ अंशांच्या स्थिर तापमानात सगळ्या माद्या. ३२.५ अंशांना सगळे नर. त्याच्या थोडे खाली आणि थोडे वर, म्हणजे ३१.५, ३२ आणि ३३ अंशांना, दोन्ही.

दीड अंशाचा फरक, आणि सगळ्या बहिणींऐवजी सगळे भाऊ! तापमान गर्भातील संप्रेरकांच्या कारखान्यावर परिणाम करते. अ‍ॅरोमटेझ नावाचे विकर नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरकात रूपांतर करते. ते किती तयार होते यावर गर्भाची वाट ठरते. तापमान आणखी चढले, तर गर्भच दगावू लागतात.

आता आपल्या नदीकाठाचा विचार करा. घरट्यावर सावली आहे की नाही, माती किती ओली आहे, खड्डा किती खोल आहे, या सगळ्यांवर पुढच्या पिढीतील नर-माद्यांचे प्रमाण अवलंबून. काठ पोखरून वाळू उपसली, तर काही घरटी सरळ नष्ट होतात आणि उरलेल्यांसाठी निवड कमी होते. पृथ्वीचे तापमान वाढत असताना तर हा दीड अंश मुलांना विशेष लक्षात आणून द्यावा.

आणखी एक गोष्ट. कोंबडी अंडी उबवताना ती वारंवार फिरवते. मगरीचे अंडे फिरवले तर काय होईल? मगरीचा गर्भ पहिल्या दिवसभरातच कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. नंतर अंडे उलटले, तर तो मरतो. म्हणून संवर्धनासाठी अंडी गोळा करणारे लोक प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात आणि तीच बाजू वर ठेवून अंडे हलवतात.

जबड्यातील पाळणा

बाहेर येण्याची वेळ झाली, की पिल्ले अंड्याच्या आतूनच आवाज करू लागतात. मादी तोपर्यंत आसपासच राखणीला असते. आवाज ऐकून ती घरटे उकरते. जी पिल्ले फुटू शकलेली नाहीत त्यांची अंडी जिभेवर घेऊन हलकेच दाबते. मग पिल्ले तोंडात घेऊन पाण्यात सोडते. म्हशीला ओढणारा तोच जबडा पातळ कवचाचे अंडे आतल्या जिवाला धक्का न लावता फोडतो. मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेत नर मगरीही पिल्ले तोंडातून पाण्यात नेताना पाहिल्या गेल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांत बापाची अशी काळजी फार दुर्मीळ आहे.

मगर पिल्ले खाते असा समज कदाचित हे दृश्य लांबून पाहूनच झाला असेल. 'नक्राश्रू' या शब्दाने तिची जी बदनामी केली, तिच्यात ही आणखी भर. एवढी राखण होऊनही बहुतेक पिल्ले मासे, पक्षी, घोरपडी आणि इतर मगरींच्या तोंडी जातात. फारच थोडी मोठी होतात.

गोव्यात फोंडा तालुक्यातील दुर्भाटसारख्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. 'माणगे थापणी' हे तिचे नाव. खाजण शेतीच्या बांधांशेजारी पिढ्यान्‌पिढ्या मगरीबरोबर राहिलेल्या लोकांची ही रीत आहे. पौष अमावास्या येते ती जानेवारी-फेब्रुवारीत, नेमकी मगरींच्या विणीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास. या दिवसांत मगरीकडे विशेष लक्ष द्यावे, हा संकेत निदान आपल्याला तरी घेण्यासारखा आहे.

मुलीचा प्रश्न

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने ती तोवर अनेक नद्यांतून नाहीशी झाली होती. १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला. अंडी गोळा करून, पिल्ले वाढवून ती नद्यांत सोडण्यात आली. आज ती काही नद्यांत पुन्हा दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे. पण नदीकाठच्या माणसांनी तिची भीती बाळगली, तर त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही. कृष्णाकाठी हल्ले झाले आहेत, माणसे दगावली आहेत. ज्याला रोज पाण्यात उतरावे लागते त्याच्या प्रश्नाला पुलावरून पाहणाऱ्याने उत्तर द्यायचे असेल, तर ते उपयोगी हवे.

त्या मुलीच्या प्रश्नावरून आम्ही वर्गात एक 'नदीची दिनदर्शिका' केली. नोव्हेंबर ते जानेवारी: मगरी सकाळी उन्हात, काठावर उघड दिसतात, कोठे किती, याची नोंद लांबून घ्यायची हीच वेळ. फेब्रुवारी ते जून: काठाच्या उतारावर घरटी, आणि त्यांच्याजवळ राखणीला मादी. याच काळात नदी आटून डोह उरतात. माणसे, गुरे आणि मगरी एकाच डोहावर येतात. वर्षातील सर्वांत जपण्याचा काळ हा. जुलै ते सप्टेंबर: पूर. जोराचा प्रवाह टाळायला मगरी ओढ्यांत, शेतांत, वस्तीत येतात. २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात घराच्या छपरावर चढून बसलेली मगर, २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चाललेली मगर, या दोन्ही लोकांनी चित्रफितींत पाहिल्या. अशा वेळी तिला हुसकावू नये. अंतर ठेवून वनविभागाला कळवावे.

दिनदर्शिकेखाली मुलांनी चार ओळी लिहिल्या. रोज एकाच वेळी, एकाच जागी पाण्यात उतरू नये. दबा धरणारा प्राणी सवयी ओळखतो. धुण्यासाठी, भांड्यांसाठी पाणी बादलीने काढून काठापासून दूर जावे. मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण नदीत टाकू नये. ते आपणच दिलेले आमंत्रण ठरते. अंधारात पाण्याच्या कडेला बसू नये. श्रीलंकेत नदीच्या स्नानाच्या जागी लाकडी खांबांचे कुंपण पाण्यात उभारून आत आंघोळ करण्याची रीत आहे, हेही मी मुलांना सांगितले. आपल्या घाटांवर हे अशक्य नाही.

फूटव्हॉल्व्हचा प्रश्न मात्र मुलांनीच सोडवला. जाळीची टोपली बसवून, दोर बांधून तो काठावरूनच वर ओढता येईल, असा नकाशा एका मुलाने काढला. त्या मुलीच्या बाबांनी तो पाहिला, थोडा दुरुस्त केला, आणि तसे करून घेतले.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा पुलावर गेलो. ती मगर, किंवा तिच्यासारखीच दुसरी, पलीकडच्या वाळूवर आ वासून पडली होती. नव्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, मेलीय का ती?" मी काही बोलायच्या आत मागून उत्तर आले, "न्हाय रं. ऊन खातीय. दुपारच्याला पाण्यात जाईल बघ." आता दहावीत गेलेली ती मुलगी आमच्याबरोबर आली होती. तिने घड्याळ पाहिले आणि वहीत वेळ लिहिली.